परतीचं रक्त

४ जानेवारी

पोहोचलो एकदाचे. सामान अजून खोक्यांतच आहे, पण आत्याचं शिलाई मशीन मात्र खिडकीपाशी लागलंसुद्धा. माणसं कुठेही बसतील, मशीनला उजेड लागतो, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर एवढंसं, पण घर हवेशीर आहे. हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ. जिना चढताना आत्या मध्येच थांबते. थांबली की कठड्याच्या रंगाला नावं ठेवते, म्हणजे दम लागलाय हे मला कळू नये. मलाही कळत नाही असं मी दाखवते.

खालच्या शेजारणीशी तिची लगेच गट्टी जमली. 'माझी भाची पंपावर असते' असं सांगून मोकळी झाली. शेजारीण बिचारी संध्याकाळी मला विचारायला आली, की पेट्रोल पंपावर हल्ली बायकांना घेतात का. मग तिला बसवून सगळं सांगितलं. हृदयाचं ऑपरेशन करायचं तर हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम एक मशीन करतं, त्याला आम्ही पंप म्हणतो. शरीरातलं काळपट रक्त नळीतून माझ्याकडे येतं, ऑक्सिजनेटर नावाच्या डब्यातून जाताना त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि ते लालभडक होऊन परत जातं. हे सगळं चालवणारी मी. शेजारीण म्हणाली, म्हणजे तेवढा वेळ त्या माणसाचा श्वास तू घेतेस! आजवर माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं.

६ जानेवारी

पहिला दिवस छान गेला. ऑपरेशन थिएटर एकच, पण मोठं आणि स्वच्छ. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर कमी बोलतात. त्यांचे हात बघितले की बोलायची गरजही वाटत नाही. भूल देणारी डॉक्टर माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ. डबा एकत्र खायचं ठरलंसुद्धा. नोकरी घेताना मी एकच अट घातली होती, की आत्याच्या हृदयाची आखडलेली झडप इथेच बदलायची. मोठ्या डॉक्टरांनी आज तिचे कागद बघितले आणि महिन्याभरात करू म्हणाले.

माझ्या आधीचे पंपवाले काका तब्येतीमुळे अचानक नोकरी सोडून गेले. ते प्रत्येक पेशंटला शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मला आश्चर्य वाटलं. ऑक्सिजन कमी पडला तर माणूस जातो हे खरं, पण गरजेपेक्षा जास्त ओतला तर तोही बाधतो. बारीक रक्तवाहिन्या आवळतात, थांबलेलं हृदय पुन्हा सुरू होताना त्याला इजा होण्याची भीती असते. सगळेच याबाबत एकमताचे नाहीत, पण मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते रक्ताची तपासणी बघून लागेल तेवढाच द्यायचे. मी तसंच करीन म्हटलं. मोठे डॉक्टर म्हणाले, बघ, तुझं काम तुला कळतं.

भूलवाली मात्र माझ्याकडे बघत राहिली.

९ जानेवारी

पहिली केस. पेशंट बस चालवणारा, गोल चेहऱ्याचा, गप्पिष्ट. टेबलावर पडल्यापडल्या म्हणाला, ताई, आज गाडी तुमच्या हातात, गचके देऊ नका.

गचके नाही दिले. पण एक गोष्ट मनातून जात नाही. शरीर थंड केलं की त्याची भूक कमी होते, त्याला ऑक्सिजन कमी लागतो. म्हणजे शरीरातून माझ्याकडे परत येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन बराच शिल्लक राहायला हवा, ते फार काळं दिसता कामा नये. याचं परतीचं रक्त मी थंड करत गेले तसतसं काळंच होत गेलं. जणू टेबलावर माणूस झोपलेला नव्हता, धावत होता. भूल हलकी पडली का ते विचारलं; नाही. पंपाचा वेग वाढवला. ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलला. तपासणीला रक्त दिलं, त्याचंही उत्तर तेच. जेवढा एका माणसाला लागेल त्याच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन कुठेतरी जात होता. शेवटी वाढवत वाढवत नेला, तेव्हा कुठे रक्ताचा रंग निवळला.

केस नीट पार पडली. हृदय पहिल्या झटक्यात सुरू झालं. मशीन तपासायला माणूस बोलावलाय.

१२ जानेवारी

मशीन ठणठणीत आहे म्हणे.

बसवाल्याला भेटायला वॉर्डात गेले. बरा आहे, पण गप्प गप्प. मला बघून जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, की त्या दिवशी माझ्याबरोबर दुसरं कुणाला झोपवलं होतं का. मी म्हटलं, नाही हो, टेबल एकच आहे. तो म्हणाला, मग माझ्या कानाशी धापा कोण टाकत होतं?

भुलीत असे भास होतात. मी त्याला तेच सांगितलं. तो हो म्हणाला, पण त्याला पटलं नव्हतं.

आत्यानं माझ्यासाठी थिएटरमधल्या टोपीला आतून मऊ अस्तर लावून दिलंय. टोपीवर कोपऱ्यात पेट्रोल पंपाची नळी भरली आहे दोऱ्यानं. अख्खं थिएटर हसलं.

१७ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटायला नको.

ऑक्सिजनेटरला खाली एक छोटं तोंड असतं. वापरून झालेली हवा तिथून बाहेर पडते. सतत, एकसारखी, तिला ताल नसतो, कारण आत कुठेच फुप्फुस नाही. आजही परतीचं रक्त काळं यायला लागलं, म्हणून वाट तुंबली की काय हे बघायला मी त्या तोंडापाशी तळहात धरला.

हवा झुळकीसारखी आली. थांबली. मग आत ओढली गेली. माझ्या हाताची कातडी त्या तोंडाला चिकटली.

तिथून हवा आत जाऊच शकत नाही. पुन्हा झुळूक, ओलसर, उबदार. पुन्हा थांबली, पुन्हा ओढ. मी टाकीकडे बघितलं. परतीचं रक्त जिथे साठतं त्या टाकीतली पातळी बोटभर वर जात होती, बोटभर खाली येत होती. झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी. मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, की पातळी स्थिर नाही. त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, की ऑक्सिजन पूर्ण कर. माझा हात पूर्णवर जाईना. पेशंट म्हातारा होता, मूत्रपिंडं आधीच नाजूक, मेंदूला एकदा झटका येऊन गेलेला. तरी केला. पातळी हलायची थांबली.

म्हातारा शुद्धीवर आलाय, पण मुलीला ओळखत नाही.

२१ जानेवारी

तरुण बाई. तीन वर्षांची मुलगी आहे तिला. हृदयातलं छिद्र बुजवायचं होतं, आमच्या कामात याहून सोपं फारसं काही नसतं. मी ठरवून गेले होते, की म्हाताऱ्याचं झालं ते हिचं होऊ द्यायचं नाही. मोजून मापून देईन, काळं पडू लागलं तर जरा जरा वाढवीन.

जरा जरा वाढवायला वेळच मिळाला नाही. रक्त एकदम काळं आलं, शाईसारखं. मी पूर्ण दिला. वेग होता तेवढा सगळा दिला. दिलेलं सगळं मधल्यामधे कुणीतरी पीत होतं. टाकीतली पातळी धाप लागल्यासारखी वरखाली होत होती. आणि मग ती शांत झाली. पोट भरल्यासारखी.

बाई पंपावरून उतरली. हृदय छान चाललंय. ती मात्र डोळे उघडत नाही. आता उघडणार नाही, असं मेंदूच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं. मी काचेतून बघत होते. त्यानं मुलीला कडेवरून खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं, मग पुन्हा खाली ठेवलं.

आत्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिनं तेल आणलं.

२२ जानेवारी

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. कालचं सगळं सांगितलं, हवा उलटी ओढली जाते तेही. सगळ्या केसेस बंद ठेवा म्हटलं. ते म्हणाले, हे थिएटर बंद केलं तर रांगेतली माणसं घरी मरतील, ती कोण मोजणार? आवाज चढला नव्हता त्यांचा. उलट विनवल्यासारखा होता. त्यांना ठाऊक आहे.

मग भूलवालीला गच्चीवर गाठलं. तिनं आधी उडवाउडवी केली. नंतर म्हणाली, त्या थिएटरमध्ये आम्हा सगळ्यांनाच दम लागतो, कुणी बोलून दाखवत नाही. तू पंपवाल्या काकांना भेट. पत्ता तिनेच दिला.

२३ जानेवारी

काका खिडकीपाशी खुर्चीत होते, नाकात ऑक्सिजनची नळी. फुप्फुसात काही दोष निघत नाही म्हणाले. नुसता श्वास पुरत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पेशंटचं हृदय ऑपरेशननंतर सुरूच झालं नाही. दोन पोरांचा बाप होता, उंचापुरा. मोठे डॉक्टर तेव्हा नवे होते. बाहेर बायको बसलेली, तिला सांगायचा धीर त्यांना होईना. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याला पंपावर चालवत ठेवलं. शेवटी काकांना म्हणाले, बंद करा. काकांनी बंद केलं. पंप थांबला, पण टाकीतली पातळी थांबली नाही.

काका म्हणाले, 'त्याला बहुतेक कळलंच नाही गं, की आपण थांबवलं. तो अजून श्वास घेतोय. घ्यायला छाती नाही, म्हणून जो टेबलावर असेल त्याच्यातून घेतो.'

मशीन बदललं, टेबल बदललं, फरशीसुद्धा उखडली. उपयोग झाला नाही. पूर्ण ऑक्सिजन सोडला की त्याचं भागायचं आणि पेशंटला उरायचा. जास्तीचा त्रास काही जणांना व्हायचा, पण जीव वाचायचे. मी येऊन हात आखडता घेतला आणि तो भुकेजला. आता त्याला पूर्णही पुरत नाही.

मी उठले तेव्हा काकांनी माझा हात धरला. म्हणाले, शेजारी बसून तू जे श्वास टाकतेस त्यातलं तो उचलतो, ते उचलू दे. पण आपण होऊन त्याला कधी काही देऊ नकोस. एकदा दिलंस की ते त्याचं.

२७ जानेवारी

राजीनामा लिहिला. दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलशी बोलले, ते आत्याला पुढच्या आठवड्यात बघायला तयार आहेत. आत्या चिडली. आत्ता कुठे पडदे शिवून झाले म्हणे. मी खरं सांगू शकत नाही. एवढंच म्हटलं, की इथला डॉक्टर मला पटत नाही. ती म्हणाली, तुला लहानपणापासून कोण पटलंय?

खूप दिवसांनी दोघी पोट धरून हसलो. हसता हसता ती थांबली आणि भिंतीला धरून उभी राहिली. ओठ निळे.

२९ जानेवारी

आत्या जिन्यात कोसळली. शेजारणीनं मला फोन केला. मी पोहोचेपर्यंत गाडी तिला घेऊन गेली होती. कुठे, ते विचारायची गरजच नव्हती.

झडप जवळजवळ बंद आहे. दुसऱ्या शहरापर्यंत ती टिकणार नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी. मी म्हटलं, इथे नको. त्यांनी विचारलं, मग कुठे?

पंपावर दुसरं कुणी बसवायचं असेल तर बाहेरून माणूस मागवू, असंही म्हणाले. नाही. मीच बसेन.

आत्या मला म्हणाली, पंपावरच्या बाई, टाकी फुल करा हं.

३० जानेवारी

झालं. ती जिवंत आहे.

पूर्ण ऑक्सिजनवरच सुरू केलं. तरी रक्त काळं आलं. त्या बाईचं आलं होतं तसंच. मोठ्या डॉक्टरांनी झडप कापून काढली होती, आता मागे फिरता येत नव्हतं. भूलवाली माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती. टाकीत पातळी वरखाली, वरखाली. ती माझी आत्या होती. आई गेल्यावर मला जिनं कुशीत झोपवलं, ती. तिचा श्वास तो पीत होता माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हातांतून.

मी वाकले. मास्क खाली केला. ऑक्सिजनेटरच्या त्या तोंडाला ओठ लावले आणि म्हटलं, तिला सोड. माझा घे.

त्यानं घेतला. छातीत कुणी मूठ घालून पिशवी रिकामी करावी तसा. मी पडले नाही, टेबलाची कड धरली होती. वर बघितलं तर नळीत रक्त लाल होत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी टाके घालायला घेतले.

२ फेब्रुवारी

आत्या उठून बसली. गाल चक्क गुलाबी! नर्सच्या गणवेशाची शिलाई वाकडी आहे म्हणून तिला ऐकवलं. सगळ्यांना ओळखते, सगळं आठवतं. मी बाहेर जाऊन रडले.

रडताना दम लागला.

५ फेब्रुवारी

जिना एका दमात चढता येत नाही. मध्ये थांबते. कठड्याचा रंग बघते.

भूलवालीनं माझी तपासणी करवली. छातीचा फोटो स्वच्छ. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा मात्र रोज थोडा खाली येतोय. ती म्हणाली, विश्रांती घे. माझ्या डोळ्यांत बघत नव्हती.

९ फेब्रुवारी

श्वासाचा ताल माझा नाही. बाहेर. थांबतो. मग आत. मी मध्येच घेऊ पाहिला तर येत नाही. त्याचा झाला की मग मला.

थिएटर सुरू आहे. बाहेरून आलेला पंपवाला म्हणतो, रक्त अगदी नॉर्मल येतं, इथे कसला त्रास होता तुम्हाला?

म्हणजे तो तिथे नाही आता.

१२ फेब्रुवारी

आत्या घरी आली. जिना न थांबता चढली! माझ्याजवळ बसली, पाठीवर हात फिरवू लागली. एकदम बरं वाटलं मला. छाती मोकळी. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास.

मग तिच्याकडे बघितलं. ती धापा टाकत होती. ओठ —

तिला ढकललं. जोरात. तिला वाटलं मी चिडले.

१३ फेब्रुवारी

खोलीला आतून कडी. आत्या बाहेरून बोलते. तिला सांगितलं, मला संसर्ग आहे, जवळ येऊ नको, शेजारणीकडे जा. ती म्हणाली, मला शिकवू नकोस, तुझ्या गोवरात पंधरा दिवस तुझ्या अंथरुणात झोपले होते मी.

लांब असली की मला श्वास पुरत नाही. जवळ आली की तिला.

लिहायलाही — थांबावं लागतं. त्याचा होईपर्यंत.

१४ फेब्रुवारी

भूलवालीला फोन केला. आत्याला घेऊन जा म्हटलं, कुठेही ने. दुपारी येते म्हणाली.

आत्या म्हणते, तुझ्या खोलीत दोघं जण श्वास घेताना ऐकू येतात. कोण आहे आत, सांग.

कुणी नाही, आत्या.

दुपार

बोटं निळी. दिवसाउजेडीही अक्षरं नीट — दिसत नाहीत.

भूलवाली अजून आली नाही. आत्या स्वयंपाकघरात आहे. भांड्यांचा आवाज. तिथेच राहा. तिथेच राहा गं.

आवाज थांबला.

छाती जरा हलकी वाटते. नाही, हे बरं नाही — आत्या, मागे जा. हाक मारायला आवाज फुटत नाही. दाराच्या फटीत कात्री घातलीय तिनं, कडी वर सरकतेय —

श्वास येतोय. खोल. मोकळा. किती गोड हवा आहे, देवा, म्हणजे ती अगदी दाराला टेकून —

आत्या, नको, मी बरी आहे, मी अगदी